घटस्फोटाची सही विकत का घ्यावी लागते?

दर दोनतीन महिन्यांनी कुठल्यातरी सेलिब्रिटीचा घटस्फोट होतो नाहीतर मोठ्या रकमेच्या पोटगीची बातमी येते, आणि तोच वाद पुन्हा पहिल्यापासून सुरू होतो. एक बाजू म्हणते घटस्फोट फार सोपा झालाय, हल्लीच्या मुलींना जुळवून घ्यायला नको, पोटगी म्हणजे धंदा झालाय. दुसरी म्हणते नाही पटत ना, मग सोड, आयुष्य एकदाच मिळतं. मग कोणीतरी तो ठरलेला फॉरवर्ड टाकतं की भारतात घटस्फोटाचं प्रमाण जगात सगळ्यात कमी, बघा आपली कुटुंबव्यवस्था. मी हे सगळं वाचते आणि प्रत्येक वेळी वाटतं की यातल्या निम्म्यांनी फॅमिली कोर्टाची पायरी कधी चढलेली नाही, आणि उरलेल्यांनी चढलीय पण त्यांना आपल्या स्वतःच्या केसपलीकडे काही दिसत नाही.

माझं मत आधीच सांगून टाकते म्हणजे भांडायला सोपं जाईल. लग्न मोडलंय हे मान्य करण्यासाठी कोर्टाने कोणाची तरी चूक शोधत बसणं बंद करावं. ठरावीक काळ वेगळं राहिल्यावर दोघांपैकी कोणा एकालाही घटस्फोट मागता यावा, दुसऱ्याची सही असो वा नसो. आणि घर, पोटगी, मुलं यांचा हिशोब पुरा झाल्याशिवाय तो मिळू नये. ही तिसरी अट मला पहिल्या दोन्हींइतकीच महत्त्वाची वाटते आणि वादात नेमकी तीच कुठे दिसत नाही.

आधी आज काय आहे ते बघू, कारण अर्धा गोंधळ इथेच आहे. (मुख्यतः हिंदू विवाह कायद्याबद्दल बोलतेय, स्पेशल मॅरेज ॲक्टची रचना पुष्कळशी तशीच आहे, मुस्लिम, ख्रिश्चन आणि पारशी कायदे वेगळे.) कितीही वर्षं वेगळे राहिलात तरी घटस्फोट आपोआप होत नाही, दहा वर्षांनी नाही आणि वीस वर्षांनीही नाही. स्टॅम्पपेपरवर दोघांनी सह्या केल्या, नोटरी केली, चार लोकांसमोर वाचून दाखवली, तरी तो घटस्फोट नाही. अपवाद फक्त ज्या समाजात रूढीने फारकत चालत आलीय त्यांचा, आणि ती रूढी वेळ आली तर कोर्टात सिद्ध करावी लागते. बाकी सगळ्यांना कोर्टाचा हुकूमनामा हवा आणि तो मिळवायला दारं दोनच. पहिलं परस्पर संमतीचं, कलम १३-ब. एक वर्ष वेगळं राहायचं, दोघांनी मिळून अर्ज करायचा, सहा महिने थांबायचं, मग पुन्हा येऊन सांगायचं की हो अजूनही हवाय. २०१७ मध्ये सुप्रीम कोर्टाने सांगितलं की पोटगी-ताबा सगळं मिटलेलं असेल आणि लग्न वाचण्याची शक्यता नसेल तर हे सहा महिने माफ करता येतात. पण हुकूमनामा होईपर्यंत दोघांपैकी कोणीही संमती काढून घेऊ शकतं, म्हणजे शेवटच्या तारखेला एकजण आलाच नाही की खेळ खलास. दुसरं दार कलम १३ चं, तिथे समोरच्याचा दोष दाखवायचा. व्यभिचार, क्रूरता, दोन वर्षं सोडून जाणं, धर्मांतर, गंभीर मानसिक आजार अशी यादी आहे.

आता विचार करा, नवराबायको आठ वर्षं वेगळ्या शहरांत राहतायत, एकमेकांना फोन नाही, एकाला मोकळं व्हायचंय, दुसऱ्याला सही द्यायची नाहीये, आणि मारहाण, लफडं वगैरे काही झालेलंच नाही, फक्त जमलं नाही, आणि जो निघून गेला तोच आता मागतोय म्हणून ‘मला सोडून गेली’ किंवा ‘सोडून गेला’ असंही त्याला म्हणता येत नाही. या माणसाने फॅमिली कोर्टात कुठल्या दाराने जायचं?

एका चोरवाटेने जाता येतं, ती पुढे सांगते. सरळ दार नाही. आणि सरळ दार नसलं की काय होतं? समोरच्याच्या सहीला भाव येतो. नवऱ्याला दुसरं लग्न करायचंय हे बायकोच्या वकिलाला कळलं की सहीचा भाव वाढतो. बायकोला मुलाला घेऊन माहेरगावी नोकरी धरायचीय, लवकर सुटायचंय हे नवऱ्याला कळलं की तो म्हणतो पोटगी सोड, दागिने विसर, मग करतो सही. मग भाव पाडायला केसेस. तिकडून ४९८-अ (सासरच्या छळाचं कलम, आता भारतीय न्याय संहितेत कलम ८५), इकडून नांदायला येण्याचा दावा, तिकडून घरगुती हिंसाचार कायद्याखाली अर्ज, इकडून मुलाच्या ताब्याचा, मग केस आपल्या गावी घ्या म्हणून ट्रान्सफर पिटीशन. ‘खोट्या केसेस टाकतात’ ही पुरुषांची ओरड आणि ‘वर्षानुवर्षं लटकवून ठेवतात, पोटगी बुडवतात’ ही बायकांची ओरड, या दोन्ही मला एकाच विहिरीतल्या वाटतात. दोघांनाही एकच गोष्ट विकत घ्यायचीय किंवा विकायचीय, आणि ती विकाऊ करून ठेवलीय कायद्याने. हो, खरोखर मार खाणाऱ्या बायका आहेत आणि त्यांच्यासाठीच ते कलम आहे, त्यांच्या खऱ्या तक्रारीकडेही पोलीस ‘सेटलमेंटसाठी टाकलीय वाटतं’ असं बघतात हा या बाजाराचा सगळ्यात वाईट परिणाम.

माझ्या धाकट्या मामेभावाच्या केसला मी सात वर्षं जात होते. तो आणि त्याची बायको दोघं तशी साधी माणसं, लग्न दीड वर्षात फिसकटलं, का ते आजही दोघांनाही नीट सांगता येणार नाही. वकील म्हणाले सही देत नाहीये ना ती, मग क्रूरता दाखवावी लागेल. मग आम्ही सगळे बसून आठवत बसलो, चक्क वही घेऊन, मामीच्या ऑपरेशनला ती दोन दिवस उशिरा आली, एकदा पाहुण्यांसमोर उलट बोलली, फोन कट केला. यातली एकही गोष्ट तोपर्यंत घरात कोणाला मोठी वाटली नव्हती. कागदावर आली तेव्हा मात्र ती बाई राक्षसीण झाली होती. मग तिच्या बाजूने उत्तर आलं, त्यात आम्ही सगळे राक्षस, लग्न होऊन दुसऱ्या राज्यात राहणारी माझी बहीणसुद्धा आरोपी. सात वर्षांनी कन्सेंट टर्म्स (दोघांच्या संमतीच्या अटी) झाल्या आणि त्यात एक ओळ होती की उभयपक्षी केलेले सर्व आरोप मागे घेण्यात येत आहेत. एक ओळ! त्या वहीतलं सगळं, तिच्या उत्तरातलं सगळं, उलटतपासणीत एकमेकांच्या तोंडावर बोललेलं सगळं त्या ओळीने पुसलं असं कायदा समजतो.

आणि दोष शोधणाऱ्या कायद्यातली सगळ्यात उलटी गोष्ट सांगू? तो समेटाला शिक्षा करतो. कलम २३ म्हणतं की ज्या क्रूरतेची तक्रार आहे ती तुम्ही माफ केली असेल तर तिच्या आधारावर सुटका नाही. पुण्यात सुरू झालेली एक केस कायद्याच्या प्रत्येक विद्यार्थ्याला माहीत असते, लग्न १९५६ चं, अर्ज १९६२ चा, सुप्रीम कोर्टाचा निकाल १९७५ मध्ये न्या. यशवंतराव चंद्रचूड यांचा. कोर्टाने मान्य केलं की क्रूरता झाली, आणि तरी नवऱ्याचा दावा फेटाळला, कारण त्या प्रसंगांनंतरही दोघं नवराबायको म्हणून राहिले होते, म्हणजे माफी झाली. तेरा वर्षं! आता यातून कुठलाही शहाणा वकील अशिलाला काय सल्ला देईल? की एकदा ठरलं की पुन्हा एकत्र राहून बघू नका, केस कमकुवत होते. घर वाचवायचं म्हणून कडक ठेवलेला कायदा लोकांना घरी परत जायला घाबरवतो, आणि ‘कुटुंब टिकलं पाहिजे’ म्हणणारे याबद्दल एक शब्द बोलत नाहीत.

आता संस्कृतीच्या मुद्द्याकडे येऊ. ‘आपल्यात घटस्फोट नव्हताच, इंग्रजांचं खूळ आहे’ हे वाक्य मी चांगल्या शिकलेल्या माणसांकडून ऐकलंय. मराठीत मग काडीमोड, फारकत, सोडचिठ्ठी एवढे शब्द कुठून आले? ज्या गोष्टीची गरज नाही तिला कोणी तीन-तीन नावं ठेवत नाही. महाराष्ट्रातल्या कितीतरी जातींत काडीमोड आणि पाट (बाईचं दुसरं लग्न) दोन्ही सर्रास होते, हिंदू विवाह कायद्याने १९५५ मध्ये कलम २९ घालून हे रूढीचे घटस्फोट मुद्दाम शाबूत ठेवलेत. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात तर ‘परस्परं द्वेषान्मोक्षः’ असं सरळ आहे, दोघांनाही एकमेकांचा वीट आला तर सुटका. (तोच कौटिल्य पुढे म्हणतो की धर्मविवाहांना सुटका नाही आणि एकट्यालाच वीट आला असेल तर दुसऱ्याच्या इच्छेविरुद्ध सोडता येत नाही, म्हणजे आजचं १३-ब ते बघा थेट तिथेच येऊन थांबतं. मी कौटिल्याला माझ्या बाजूचा साक्षीदार म्हणून पूर्ण वापरू शकत नाही, हे कबूल.) बडोदा संस्थानाने १९३१ मध्ये आणि मुंबई प्रांताने १९४७ मध्ये हिंदू घटस्फोटाचा कायदा केला, तेव्हाही समाज बुडाला नाही. हिंदू कोड बिलाच्या वेळी डॉ. आंबेडकरांना जे ऐकवलं गेलं, की याने घरं मोडतील, ते आज जसंच्या तसं ऐकायला मिळतं. १९५१ मध्ये त्यांनी मंत्रिपद सोडलं, बिल तुकड्यातुकड्याने पास झालं आणि घरं मोडली नाहीत.

खरं तर एक चौथा शब्दही आहे आपल्याकडे. टाकलेली. या एका शब्दात सगळा इतिहास आहे. पुरुषाला दोष सिद्ध न करता, कोर्टात न जाता, काही न देता बायको सोडता येत होती, माहेरी पाठवायची आणि बोलावणं धाडायचं नाही, आणि मुंबई प्रांतात १९४६ पर्यंत दुसरी करायलाही कायद्याची आडकाठी नव्हती. म्हणजे ‘विनादोष घटस्फोट’ आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या होताच की, एकालाच होता एवढंच. ऐंशीच्या दशकात महाराष्ट्रात परित्यक्तांची चळवळ उभी राहिली ती याच बायकांची, ज्यांचं लग्न कागदावर शाबूत होतं आणि घरात जागा नव्हती. आणि तो फॉरवर्ड आठवतो ना, सगळ्यात कमी घटस्फोटांचा? २०११ च्या जनगणनेत घटस्फोटित म्हणून नोंद झालेले साधारण साडेतेरा लाख लोक होते आणि ‘विभक्त’ म्हणून नोंद झालेले त्यांच्या जवळजवळ तिप्पट, दोन्हींत बायका पुरुषांपेक्षा जास्त. हा विजय कसला साजरा करताय? लग्न मोडलेल्या चारातल्या तिघांना कागद मिळालेला नाही, एवढंच तो आकडा सांगतो.

लग्न कायद्याच्या जोरावर टिकवता येतं का याचं उत्तर तर मुंबईनेच १८८० च्या दशकात दिलं. रखमाबाई, अकराव्या वर्षी लग्न झालेली, नांदायला जायला नकार दिला म्हणून नवऱ्याने १८८४ मध्ये दावा टाकला. पहिल्यांदा न्या. पिन्हे यांनी तिच्या बाजूने निकाल दिला, पुढे अपिलानंतर १८८७ मध्ये न्या. फॅरन यांनी सांगितलं नवऱ्याकडे जा नाहीतर सहा महिने तुरुंगात जा. ती म्हणाली तुरुंगात जाते. टिळकांच्या केसरीने तिच्यावर टीकेची झोड उठवली. शेवटी १८८८ मध्ये नवऱ्याने दोन हजार रुपये घेऊन दावा सोडला. बघा, तेव्हाही शेवट सेटलमेंटनेच झाला, सहीला भाव तेव्हाही होता! ती पुढे लंडनला शिकून डॉक्टर झाली, सुरत आणि राजकोटला आयुष्यभर काम केलं. आणि ज्या प्रकारच्या दाव्याखाली तिला खेचलं तो इंग्लंडने १९७० मध्ये रद्द केला, आपल्याकडे कलम ९ म्हणून आजही आहे. १९८३ मध्ये आंध्र हायकोर्टाने तो घटनाबाह्य ठरवला होता, पुढच्याच वर्षी सुप्रीम कोर्टाने पुन्हा वैध ठरवला. गंमत म्हणजे मघाशी म्हटलेली चोरवाट हीच. नांदायला येण्याचा हुकूम झाला आणि वर्षभर कोणी नांदलं नाही तर दोघांपैकी कोणीही घटस्फोट मागू शकतं, म्हणून ज्याला मुळीच नांदायचं नाही तोच ‘ती नांदायला यावी’ असा दावा टाकतो. इंग्लंडमध्ये फक्त व्यभिचारावर घटस्फोट मिळायचा तेव्हा लोक हॉटेलात खोट्या व्यभिचाराचे पुरावे तयार करायचे, वेटरला साक्षीला आणायचे. तिथे खोटा व्यभिचार, इथे खोटं प्रेम.

विरोधातले मुद्दे आता घेते, आणि पहिला खरंच भारी आहे. एकाच्या मागणीवर घटस्फोट मिळायला लागला तर ज्या बाईने वीस वर्षं घर सांभाळलं, नोकरी केली नाही, तिच्याकडे नकार देण्याचा एक पत्ता होता तोही जाईल. २०१० मध्ये राज्यसभेत आलेल्या विवाह कायदा दुरुस्ती विधेयकाला म्हणूनच बऱ्याच स्त्री संघटनांनी अडवलं, तीन वर्षं वेगळं राहिल्यावर घटस्फोट, बायकोने आर्थिक हालांच्या कारणावरून विरोध करण्याची तरतूद, पण मालमत्तेचं काय? नंतर नवऱ्याच्या मालमत्तेतून भरपाईची सोय त्यात आली, तेव्हा पुरुषांच्या संघटना खवळल्या. २०१३ मध्ये राज्यसभेत पास झालं आणि लोकसभेत जाऊन संपलं. भीती पोकळ नव्हती. अमेरिकेत कॅलिफोर्नियाने १९७० पासून विनादोष घटस्फोट आणला, मग एकेक राज्य मागोमाग गेलं, आणि १९८५ मध्ये समाजशास्त्रज्ञ लेनोर वाइत्समन यांनी मांडलं की घटस्फोटानंतर बायकांचं राहणीमान ७३ टक्क्यांनी घसरतं आणि पुरुषांचं ४२ टक्क्यांनी वाढतं. हे आकडे जगभर फिरले. अकरा वर्षांनी त्यांचाच डेटा पुन्हा तपासला गेला तेव्हा ते २७ आणि १० निघाले. विरोधक फक्त ७३ सांगतात, समर्थक फक्त ‘तो अभ्यास चुकला होता’ सांगतात. मला दोघांनाही विचारायचंय की २७ टक्के घसरण ही काय थोडी झाली?

तर मुद्दा मान्य. पण त्यावरचा इलाज म्हणून त्या बाईच्या हातात फक्त नकार ठेवायचा, हे मात्र पटत नाही. नकाराचा पत्ता वापरायला थांबण्याची ताकद लागते. जिच्या हातात पगार नाही, जी भावाच्या घरात एका खोलीत मुलांना घेऊन राहतेय ती किती वर्षं थांबणार? थांबू शकतो तो नवरा. सहीच्या या बाजारात शेवटी तोच जिंकतो ज्याला घाई नाही, आणि आपल्याकडे घाई नसलेला माणूस बहुतेक वेळा कोण असतो हे सांगायची गरज नाही. तिला नकारापेक्षा हक्क हवा. लग्नानंतर जे कमावलं त्यात वाटा, मागून-भांडून मिळणारी दया नाही. आपल्या बहुतेक देशात ज्याच्या नावावर घर त्याचं घर, बायकोला पोटगी मिळेल, हिंसाचार कायद्याखाली राहायला जागा मिळेल, पण मालकीत वाटा नाही. गोव्यात मात्र पोर्तुगीज काळापासूनच्या कायद्याने वेगळा करार केला नसेल तर नवराबायकोची संपत्ती सामाईक धरतात आणि अर्धी-अर्धी होते. तिथलं सगळंच आदर्श आहे असं मुळीच नाही, पण ‘भारतात हे शक्य नाही’ म्हणणाऱ्यांना एवढं सांगता येतं की पणजीत शक्य आहे, सावंतवाडीत नाही, मधे फार तर दोन तासांचा रस्ता आहे. २०२० मध्ये सुप्रीम कोर्टाने पोटगीच्या प्रत्येक प्रकरणात दोघांनी उत्पन्न आणि मालमत्तेचं प्रतिज्ञापत्र द्यायचं आणि पोटगी अर्जाच्या तारखेपासून लागू करायची असं ठरवून दिलं, हा हिशोबाचा पाया तयारच आहे. आणि हो, हिंदू विवाह कायद्यात पोटगी नवराही मागू शकतो, कमावती बायको असेल तर, हे सांगितलं की दोन्ही बाजूंचे लोक चमकतात.

दुसरा मुद्दा मुलांचा. इथे मी जरा सावध आहे. आईवडील वेगळे झालेल्या मुलांना सरासरी जास्त त्रास होतो हे अभ्यासांत दिसतं, नाकारण्यात अर्थ नाही. पण ज्या घरात सतत भांडणं, मारामाऱ्या असतात तिथली मुलं घटस्फोटानंतर सावरतात आणि जिथे वरवर शांत पण प्रेम आटलेलं असतं तिथल्या मुलांना तो धक्का जास्त बसतो, असंही दिसलंय. म्हणजे माझ्या प्रस्तावाने काही मुलांचं नुकसान होईल, ज्यांचे आईवडील आज ‘मुलं मोठी होईपर्यंत’ म्हणून थांबतात त्यांचं. हे मी लपवत नाही. फक्त कोर्ट त्या घरात शिरून प्रेम मोजू शकत नाही, आणि आजचा कायदा त्या मुलांना वाचवतो असंही नाही, तो काय करतो तर वेगळे झालेल्यांना आणखी सात वर्षं लढायला लावतो आणि त्या लढाईत मूल हे पुराव्याचं सामान होतं. शनिवारी कोर्टाच्या आवारातल्या त्या खेळणी ठेवलेल्या खोलीत बापाला भेटायला आणलेली मुलं पाहिलीत कधी? आई दाराशी उभी, आजी मोबाईलवर शूटिंग करतेय, मूल बापाकडे जावं की नाही म्हणून आईच्या चेहऱ्याकडे बघतंय. पाच वर्षांखालचं मूल शक्यतो आईकडे आणि सगळ्यात वर मुलाचं हित, हे कायद्यात आहेच. पण आईबापांमध्ये कोण दोषी हे ठरवायची केस शेजारच्या हॉलमध्ये चालू असताना त्या मुलाचं हित बघायला कोणाला वेळ आहे?

तिसरा आक्षेप, लोक रागाच्या भरात घटस्फोट घेतील. घेऊ नये म्हणून थांबायला लावा की, माझी हरकत नाही, वेगळं राहण्याचा काळ एक वर्ष ठेवा, दोन ठेवा. आजही लग्नानंतर एक वर्ष अर्ज सहसा करता येत नाही. आयर्लंडने १९९५ मध्ये जेमतेम नऊ-दहा हजार मतांच्या फरकाने घटस्फोटाला परवानगी दिली तेव्हा पाचातली चार वर्षं वेगळं राहण्याची अट घटनेतच घातली, आणि २०१९ मध्ये लोकांनीच ती मोठ्या बहुमताने काढली. इंग्लंडमध्ये २०१८ मध्ये एका बाईला सर्वोच्च न्यायालयातून रिकाम्या हाताने परत यावं लागलं, नवऱ्याचं वागणं पुरेसं वाईट ठरलं नाही आणि त्याला घटस्फोट नको होता म्हणून. निकाल देणाऱ्या न्यायाधीशांनाच तो बोचला. एप्रिल २०२२ पासून तिथे दोष सांगावा लागत नाही, २६ आठवड्यांचा किमान काळ आहे. विनादोष कायद्यानंतर अमेरिकेत घटस्फोट वाढले का? वाढले, तुंबलेलं पाणी आधी जोरात वाहतंच, पण १९८० च्या आसपास शिखर गाठून प्रमाण उतरत गेलं. आणि ज्या राज्यांत एकतर्फी घटस्फोट आला तिथे बायकांच्या आत्महत्या कमी झाल्याचं अर्थशास्त्रज्ञांनी दाखवलं. निघून जाता येतं हे दोघांनाही माहीत असलं की घरातलं वागणं बदलतं, यात मला तरी आश्चर्य वाटत नाही.

शेवटचा आक्षेप वकील मंडळींचा असतो, की हे सगळं आता झालेलं आहे, मे २०२३ मध्ये पाच न्यायाधीशांच्या घटनापीठाने सांगितलंच की लग्न सावरण्यापलीकडे मोडलं असेल तर घटस्फोट देता येतो, एकाचा विरोध असला तरी. हो, पण कोणी द्यायचा? सुप्रीम कोर्टाने, घटनेच्या कलम १४२ खालच्या विशेष अधिकारात, त्यांना योग्य वाटलं तर. फॅमिली कोर्टाला तो अधिकार नाही, हायकोर्टालाही नाही, आणि थेट दिल्लीला जाऊन हा घटस्फोट मागताही येत नाही, खालून वर लढत पोचावं लागतं. म्हणजे तिसरं दार आहे, पण ते शेवटच्या मजल्यावर आहे आणि लिफ्टचं भाडं वकिलाच्या फीमध्ये धरलेलं आहे. जिल्ह्याच्या गावातली शिक्षिका तिथपर्यंत कशी पोचणार? विधी आयोगाने १९७८ मध्ये ७१ व्या अहवालात हीच शिफारस केली, २००६ मध्ये सुप्रीम कोर्टाने सरकारला विचार करा म्हणून सांगितलं, २००९ मध्ये विधी आयोगाने पुन्हा सांगितलं. पंचेचाळीस वर्षांनी उत्तर मिळालं ते संसदेकडून नाही, कोर्टाकडून.

नवीन विधेयक कधी आलंच तर त्यात मला काय हवंय ते सांगते. वेगळं राहण्याचा काळ पुरा झाला की कारण विचारू नये. अर्जासोबतच दोघांची मालमत्तेची प्रतिज्ञापत्रं, आणि लग्नानंतरच्या कमाईत वाटा हा नियम, अपवाद कोर्टाने लेखी कारण देऊन करावा. मुलांचा ताबा आणि भेटी आधी ठराव्यात, दोष-निर्दोषाचा संबंध न लावता, म्हणजे कोणाला मुलाचा वापर करायचं कारणच उरणार नाही. हिंसा झाली असेल तर तिची फौजदारी केस स्वतंत्र चालावी, घटस्फोटाच्या सेटलमेंटमध्ये तिची किंमत लागू नये. कलम ९ काढून टाकावं. आणि न्यायाधीश नेमावेत, कारण हिंदू विवाह कायद्यातच १९७६ पासून लिहिलेलं आहे की असा खटला नोटीस बजावल्यापासून सहा महिन्यांत निकाली काढायचा प्रयत्न व्हावा, आणि माझ्या मामेभावाच्या केसमध्ये समुपदेशकाची पहिली तारीखच पाचव्या महिन्यात लागली होती.